वकिली ऑफिसातले साचे: टेक्स्ट एक्सपान्शनच्या प्रकल्प नोंदी

१३ मे २०२५

कोर्टाला उन्हाळी सुट्टी आहे. रिमांड आणि तातडीची कामं सोडली तर तारखा नाहीत. टायपिंगची पद्धत बदलून टेक्स्ट एक्सपान्शन आणायचं, म्हणजे छोटा संक्षेप टाइप केला की त्याच्या जागी ठरलेला पूर्ण मजकूर (साचा) उमटेल असं करायचं, तर हेच दिवस बरे. साहेबांनी, म्हणजे आमच्या वकिलांनी, होकार दिला, पण एक अट घातली: अशिलाच्या कागदातला एक शब्दही ऑफिसबाहेरच्या सर्व्हरवर जाता कामा नये.

सध्याची पद्धत अशी आहे. नवं प्रतिज्ञापत्र करायचं म्हणजे टायपिंग करणाऱ्या ताई जुन्या प्रतिज्ञापत्राची फाइल उघडतात, वेगळ्या नावानं सेव्ह करतात आणि नाव, वय, धंदा, पत्ता बदलत खाली येतात. मी पाहिलेल्या बहुतेक वकिली ऑफिसांत असंच चालतं. त्यात वेळ जातो हे खरंच, पण मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. पहिल्या परिच्छेदातलं नाव बदलतं आणि तिसऱ्या पानावरच्या सत्यापनात (वरचा मजकूर खरा असल्याच्या कथनात) आधीच्या अशिलाचं नाव तसंच राहतं. खरेदीखतात गट नंबर बदलतो, पण चतुःसीमेतली दक्षिण बाजू जुन्याच जमिनीची राहते. दस्त नोंदल्यावर हे लक्षात आलं तर चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो. म्हणजे दोन्ही पक्ष पुन्हा दुय्यम निबंधकांसमोर हजर हवेत. त्यातला एखादा तोवर वारला असेल तर त्याचे वारस शोधत फिरायचं.

म्हणून कामाची आखणी अशी केली आहे: न बदलणारा मजकूर एका जागी ठेवायचा आणि बदलणारा तपशील दर वेळी नव्यानं विचारायचा. वेग त्याच्या पाठोपाठ येईल.

१५ मे

सॉफ्टवेअर ठरवलं. वर्डमध्ये ऑटोकरेक्ट आणि ऑटोटेक्स्ट आधीपासून आहेतच, आणि ज्याचं सगळं काम वर्डमध्येच होतं त्यानं दुसरं काही शोधायची गरज नाही. आपलं मात्र तिथे भागत नाही. ई-फायलिंगच्या पोर्टलवर, दस्तनोंदणीआधी ऑनलाइन माहिती भरायच्या पब्लिक डेटा एन्ट्रीत, ई-मेलमध्ये, सगळीकडे तीच वाक्यं पुन्हा लिहावी लागतात. म्हणजे कोणत्याही खिडकीत चालेल असं साधन हवं.

टेक्स्टएक्सपांडर २००६ पासून आहे आणि चांगलं आहे, पण त्याला वर्गणी लागते आणि साचे त्यांच्या क्लाउडवर जातात. साहेबांची अट तिथेच मोडते. ऑटोहॉटकी त्याहून जुनं, फुकट आणि ताकदवान. पण त्याची फाइल म्हणजे प्रोग्रामच असतो. ताईंना एखादं वाक्य बदलायचं असेल तर त्यांनी ते स्वतः बदलावं, मला हाक मारावी लागू नये, असं मला वाटतं. शेवटी एस्पॅन्सो घेतलं. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि साचे आपल्याच संगणकावर साध्या यामल फाइलीत राहतात. फाइल नोटपॅडमध्ये उघडते. वर संक्षेप, खाली त्याचा पूर्ण मजकूर. एवढंच सांभाळायचं की ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा स्पेसनं सोडायची, टॅबनं नाही.

साहेबांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. असं कुठलंही सॉफ्टवेअर आपण दाबलेली प्रत्येक कळ पाहतं, नाहीतर संक्षेप आला हे त्याला कळणारच नाही. म्हणून ते मूळ संकेतस्थळावरूनच उतरवलं, इतरांनी बनवलेले तयार संच घेतले नाहीत, आणि बँकेचं काम करताना ते बंद ठेवायचं ठरलं.

१६ मे

आजचा दिवस कळफलकात गेला, आणि जायलाच हवा होता.

ताईंचा हात टाइपरायटरवर बसलेला आहे. त्या ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर मागून मारतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतात, क्रम उलटा असतो: आधी अक्षर, मग वेलांटी. त्यामुळे त्या टाइपरायटरची मांडणी युनिकोडमध्ये बदलून देणारं इनपुट साधन वापरतात. अडचण तिथेच येते. पडद्यावर देवनागरी उमटते, पण एस्पॅन्सो खालच्या थरात कळा पाहत असतं आणि त्याला तिथे इंग्रजी अक्षरंच दिसतात. शिवाय संक्षेप ओळखल्यावर तो पुसण्यासाठी ते ठरावीक वेळा बॅकस्पेस मारतं. चार कळांचं पडद्यावर तीनच चिन्हांत रूपांतर झालं असेल तर आधीच्या शब्दाचं एक अक्षर पुसलं जातं. कोर्टाच्या कागदात हे चालणार नाही.

मी स्वतः इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळफलक मांडणी, वापरते. तिथे बहुतेक कळांना एक कळ, एक चिन्ह असा सरळ हिशेब आहे, म्हणून देवनागरीतले संक्षेप नीट ओळखले जातात. अपवाद जोडाक्षरांचा. ज्ञ, त्र, क्ष, श्र यांना आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह स्वतंत्र कळा आहेत, पण ‘क्ष’ म्हणजे युनिकोडच्या दृष्टीनं क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं. पुसण्याचा हिशेब पुन्हा बिघडू नये म्हणून नियम केला: संक्षेपात जोडाक्षर नाही.

सुरुवातीचं चिन्हही ठरवावं लागलं. इंग्रजीत लोक अर्धविराम किंवा अपूर्णविराम लावतात. इनस्क्रिप्टमध्ये त्या कळेवर च आणि छ बसले आहेत. म्हणून दोन स्वल्पविराम घेतले. आपल्या कुठल्याही कागदात लागोपाठ दोन स्वल्पविराम येत नाहीत. आता ‘,,परत’ लिहिलं की प्रतिज्ञापत्र, ‘,,चसी’ लिहिलं की चतुःसीमा.

ताईंनी तीस वर्षांचा हात बदलावा असं मी सुचवणारही नाही. त्यांच्यासाठी शोधखिडकीची वाट ठेवली. ऑल्ट आणि स्पेस दाबलं की छोटी खिडकी उघडते, तिथे साच्याच्या नावातला एखादा शब्द त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं टाइप करायचा आणि एंटर मारायचं. संक्षेप ओळखायचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे पुसण्याचाही नाही. एक कळ जास्त पडते. ताईंना ही वाट जास्त पटली, कारण संक्षेप पाठ करायला लागत नाहीत.

१९ मे

जुन्या फाइलींमधून मजकूर काढायला घेतला. २०१५ च्या आधीचं बरंच काही युनिकोडपूर्व फॉन्टांत आहे. तिथला ‘वादी’ फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले होते. रूपांतर करणाऱ्या साधनातून फाइली काढल्या. नव्वद टक्के ठीक येतं असं म्हणून सोडून देण्यासारखं हे काम नाही. रफार आणि वेलांट्या एकेक ओळ वाचून तपासाव्या लागतात. त्यापेक्षा महत्त्वाचे साचे नव्यानं टाइप केलेले बरे, असं दुपारपर्यंत ठरलं.

एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवते. ‘शेतकऱ्याचे’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ्य दोन प्रकारे लिहिला जातो: एक ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर आणि छापल्यावर दोन्ही सारखे. पण एका प्रकारानं शोधलं तर दुसऱ्या प्रकारचं सापडेलच असं नाही. सगळ्या साच्यांत पहिलाच प्रकार ठेवला. इनस्क्रिप्टमध्ये र च्या कळेवर शिफ्टसह तो आहेच.

२० मे

दुपारपर्यंत वीज नव्हती. साच्यांची यादी कागदावर केली.

२१ मे

यादी घेऊन साहेबांसमोर बसले. वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, मुदतीचा अर्ज, धनादेश न वटल्याची नोटीस, खरेदीखतातलं मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, सत्यापन, आणि कोर्टाचं शीर्षक (‘मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचे कोर्टात’). महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी असली तरी अशा मजकुराचा तयार संच मला कुठे मिळाला नाही. प्रत्येक ऑफिसाचं आपलं वळण असतं आणि साहेबांना आपलंच वळण हवं आहे. बरोबर आहे.

साचे लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली आणि मी तिच्यावर बराच वेळ थांबले. मराठीत नावाला प्रत्यय लागला की नाव बदलतं. गावाचं नाव, माणसाचं नाव, सगळ्यांचं सामान्यरूप होतं. साच्यात तपशील भरायच्या रिकाम्या चौकटीत ‘वाई’ टाकलं तर वाक्यात ‘वाईला’ होतं आणि ‘पाटण’ टाकलं तर ‘पाटणला’, पण ‘पुणे’ टाकलं तर ‘पुण्याला’. संगणकाला हे शिकवत बसणं अवघड आहे. पण कोर्टाच्या मराठीनं ही सोय फार आधी करून ठेवली आहे. ‘श्री. अमुक यांनी’, ‘श्री. अमुक यांचे’, ‘मौजे अमुक येथील’, ‘तालुका अमुक’. नाव जसंच्या तसं राहतं, प्रत्यय ‘यांनी’ आणि ‘येथील’ यांनी उचललेला असतो. जी भाषा लोकांना जड आणि जुनाट वाटते, ती साच्यासाठी जणू मुद्दाम घडवलेली आहे. साच्यातल्या प्रत्येक चौकटीभोवतीचं वाक्य याच पद्धतीनं बसवलं. नाव एकदा विचारायचं आणि लागेल तितक्या ठिकाणी तेच उमटवायचं. शेवटच्या पानावर जुनं नाव राहायला आता जागाच नाही.

२४ मे

लिंगाचा प्रश्न. ‘सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की’ हे पुरुषासाठी, ‘करते की’ स्त्रीसाठी, दोन अर्जदार असतील तर ‘आम्ही करतो की’. पहिला विचार होता की तीन वेगळे साचे ठेवावेत. मग दुरुस्ती करायची झाली तर तीन ठिकाणी करावी लागेल, आणि एक ठिकाण हमखास राहील.

साहेबांनी तोडगा सुचवला: क्रियापदच असं घ्यायचं की ते बदलणार नाही. ‘कथन करीत आहे’ स्त्री-पुरुष दोघांना चालतं. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘खाली सही करणार’ यांना लिंग लागत नाही. पक्षकारासाठी सगळीकडे ‘हे’ आणि ‘यांनी’ वापरायचं, अगदी विरुद्ध बाजूच्या प्रतिवादीलाही. अनेकवचनाचा साचा तेवढा वेगळा ठेवला, कारण तिथे ‘मी’चं ‘आम्ही’ आणि ‘आहे’चं ‘आहोत’ होणं टळत नाही.

२८ मे

फौजदारी साचे. इथे जुन्या फाइली सर्वांत जास्त फसवतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. कलमांचे आकडे बदलले. फसवणुकीचं ४२० आता ३१८(४), चोरीचं ३७९ आता ३०३(२), साध्या मारहाणीचं ३२३ आता ११५(२), शिवीगाळीचं ५०४ आता ३५२, ४९८-अ आता ८५. बोटांना ४२० ची इतकी सवय आहे की विचार न करता तेच उमटतं.

पण साच्यात सरसकट नवे आकडे घालणंही चूक ठरेल. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला असेल तर त्याला जुनंच दंड विधान लागू आहे, आणि असे खटले अजून पुष्कळ वर्षं चालतील. म्हणून कलमाचा साचा आधी विचारतो: गुन्ह्याची तारीख १ जुलै २०२४ पूर्वीची की त्या दिवशी वा नंतरची? उत्तराप्रमाणे कायद्याचं नाव आणि कलम जोडीनं येतात. यादीत पहिला पर्याय ‘निवडा’ असा ठेवला आहे, म्हणजे घाईत एंटर मारला तरी कुठलाही कायदा आपोआप बसत नाही. प्रक्रियेच्या कलमांचं, म्हणजे जामीन वगैरे, काय करायचं ते साहेब प्रकरणानुसार सांगतील. तिथे साच्यात फक्त मोकळी जागा.

याच विचारातून आज सगळ्या साच्यांसाठी एक नियम पक्का केला. तपशिलाच्या चौकटीत आधीपासून भरलेलं मूल्य म्हणून फक्त ठळक मोकळी रेघ असेल. वय, गट नंबर, रक्कम, तारीख, कशातही ‘नेहमीचं’ म्हणून काही भरून ठेवायचं नाही, गावाचं नावसुद्धा नाही. रिकामी रेघ छापून आली तर ती डोळ्यांत खुपते आणि कोणीतरी भरतं. चुकीचं पण खरं वाटणारं गाव छापून आलं तर ते कोणालाच खुपत नाही.

२ जून

अक्षरी रक्कम. खरेदीखतात आणि नोटिशीत रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही लिहायची असते, आणि घोळ बहुतेक वेळा दुसऱ्या ठिकाणी होतो. एस्पॅन्सो बाहेरचा छोटा प्रोग्राम चालवून त्याचं उत्तर मजकुरात बसवू शकतं, म्हणून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तो लिहिला.

इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहांची नावं दिली की बाकीचे जोडून होतात. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक शब्द वेगळा. एकोणपन्नास, त्रेपन्न, अडुसष्ट, ब्याऐंशी, यांना जोडणीचा नियम लावता येत नाही. अख्खा तक्ता हातानं भरला. त्यावर शेकडा, हजार, लाख, कोटी हे टप्पे. नुसत्या १०० ला ‘शंभर’ आणि १०१ ला ‘एकशे एक’ हा फरकही सांभाळला. पायथन देवनागरी आकडे थेट संख्या म्हणून वाचतं, ही मोठी सोय झाली. आतले स्वल्पविराम तेवढे काढून टाकावे लागतात. ३,४९,५०० दिलं की ‘तीन लाख एकोणपन्नास हजार पाचशे रुपये फक्त’.

तपासणी ताईंनी केली. त्या एकेक शब्द मोठ्यानं वाचत गेल्या आणि मी तक्त्यावर खूण करत गेले. शुद्धलेखनाच्या काही जागी त्यांनी अडवलं. त्यांचं कानानं वाचणं माझ्या डोळ्यांपेक्षा पक्कं आहे.

जमिनीच्या क्षेत्राचा साचाही आज झाला. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, पक्षकार बोलतात एकर-गुंठ्यांत. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, तर एक आर बरोबर १०० चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की लोक ते एकच धरतात. साच्यात फक्त हेक्टर-आरची चौकट ठेवली आणि ती सातबारा समोर ठेवूनच भरायची. रूपांतर करून देणारा साचा मुद्दाम केला नाही.

४ जून

धनादेशाची नोटीस. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली मुदतींना फार महत्त्व आहे: बँकेकडून धनादेश परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला पंधरा दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. नोटिशीचा साचा धनादेश क्रमांक, तारीख, बँक, शाखा, रक्कम आणि धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्याची तारीख विचारतो. रक्कम एकदाच भरायची, अक्षरी आपोआप.

तारखा मोजणारा साचा वेगळा केला. एस्पॅन्सोमधली तारखेची सोय आजच्या दिवसापासून मोजते, मेमोच्या दिवसापासून नाही, म्हणून हेही पायथनमधूनच. तो मेमोचा दिवस वगळून तिसावा दिवस सांगतो, पण नोटिशीत काही लिहीत नाही. ती तारीख डायरीत लिहायची आणि कॅलेंडरवर बोट ठेवून पुन्हा मोजायची, असं साहेबांनी सांगितलं आहे आणि ते तसंच राहील.

१० जून

कोर्ट सुरू झालं. सकाळी एकामागून एक कागद, आणि साचे पहिल्यांदा खऱ्या कामाला लागले. प्रतिज्ञापत्र पक्षकार समोर बसलेला असतानाच तयार होतं, कारण चौकटी क्रमानं प्रश्न विचारतात आणि ताई तेच प्रश्न मोठ्यानं त्याला विचारतात. आधी त्या जुन्या कागदात कुठे काय बदलायचं हे शोधत असत, आता नजर माणसाकडे असते. एका आजींनी वय सांगताना आधी अंदाजानं सांगितलं. चौकट आधारकार्डावरचं वय मागते म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं, आणि दोन्हींत चार वर्षांचा फरक निघाला. जुन्या पद्धतीत अंदाजच छापला गेला असता.

मुदतीच्या अर्जाचा साचा मात्र आज साहेबांनी बदलून घेतला. मी कारणांची छोटी यादी दिली होती: वकील बाहेरगावी, पक्षकार आजारी, कागदपत्रं मिळाली नाहीत. त्यांनी यादी काढायला लावली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशाप्रमाणे एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये असं आहे, आणि मुदत मागणं दोन कळांचं काम झालं तर ती जास्त मागितली जाईल, असं त्यांचं म्हणणं. कारण प्रत्येक वेळी हातानं, पूर्ण वाक्यात लिहायचं. मला हे मनापासून पटलं.

१२ जून

ई-फायलिंगच्या पोर्टलवर साचे नीट चालले. वर्डमध्ये लांब मजकूर क्लिपबोर्डमार्गे येतो आणि त्याला त्या ठिकाणचाच फॉन्ट लागतो, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही.

१८ जून

ताईंनी आज स्वतः एक साचा लिहिला: वारस नोंदीसाठी तलाठ्यांना द्यायचा अर्ज. फाइल नोटपॅडमध्ये उघडली, शेजारच्या साच्याची नक्कल केली, मजकूर बदलला आणि सेव्ह केलं. वारसांची नावं, मयताशी नातं आणि वय यांच्या चौकटी त्यांनी न सांगता मोकळ्या रेघेच्या ठेवल्या. एका ठिकाणी टॅब पडला होता तो काढला, बाकी जसंच्या तसं चाललं.

साच्यांच्या फाइलींची प्रत दर शनिवारी पेनड्राइव्हवर घ्यायची आहे. पेनड्राइव्ह साहेबांच्या कपाटात राहील. हक्कसोडपत्राचा साचा साहेबांकडे वाचायला दिला आहे. त्यात सहहिस्सेदारांची संख्या दर वेळी वेगळी असते, त्यामुळे चौकटी किती ठेवायच्या हे त्यांच्याशी बसून ठरवायचं आहे. तोवर हक्कसोडपत्र पूर्ण हातानंच टाइप करायचं, जुन्या फाइलीवरून नाही.